मध्यवर्ती बँकेचा मनुष्यबळ प्रमुख: निवडताना काय पाहावे?

प्रश्न विचारणारे स्वतः एका खासगी बँकेच्या एचआर विभागात आहेत. त्यांनी विचारले आहे: रिझर्व्ह बँकेसारख्या मध्यवर्ती बँकेत मनुष्यबळ विभागाचा नवा प्रमुख नेमायचा झाला, तर तो आतलाच असावा की बाहेरून आणावा? आणि निवड समितीने त्याच्यात नेमके काय पाहावे?

माझी सगळी नोकरी सार्वजनिक बँकांच्या कर्मचारी विभागात गेली, पुढे निवड समित्यांवर बसायचे काम आले. त्या अनुभवातून आधी थेट उत्तर देतो. प्रमुख आतलाच असावा, पण नुसता प्रशासनात वाढलेला नको. बँकांची तपासणी केलेला, एखाद्या प्रादेशिक कार्यालयात वर्षे काढलेला असावा. त्याच्या हाताखाली दोन-तीन जाणकार बाहेरून घ्यावेत. त्याला कार्यकारी संचालकाचा दर्जा आणि पूर्ण मुदत मिळावी. आणि समितीने एक गोष्ट सगळ्यात आधी तपासावी: वरच्यांना नको असलेला शेरा एखाद्या अधिकाऱ्याने तपासणी अहवालात लिहिला, तर हा माणूस त्या अधिकाऱ्याच्या पाठीशी उभा राहील का?

ही शेवटची गोष्ट मी सगळ्यात वर का ठेवतो, ते सविस्तर सांगायला हवे.

मध्यवर्ती बँकेच्या स्वायत्ततेची चर्चा नेहमी गव्हर्नरपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्यातले कलम 7 (सरकार बँकेला निर्देश देऊ शकते ते), सरकारशी असलेले संबंध, 2016 मध्ये आलेली पतधोरण समिती, सरकारला लाभांश किती द्यायचा, हे विषय वर्तमानपत्रांत येतात आणि यायलाच हवेत. पण बँकेच्या कर्जखात्यांत शिरून 'हे कर्ज थकीत दाखवले पाहिजे' असे लिहिणारा माणूस गव्हर्नर नसतो. तो मॅनेजर किंवा असिस्टंट जनरल मॅनेजर दर्जाचा, पस्तिशी-चाळिशीतला अधिकारी असतो. समोर ज्या बँकेची तपासणी चालली आहे, तिच्या अध्यक्षाच्या ओळखी दिल्लीपर्यंत असतात. या अधिकाऱ्याच्या मागे काय असते? त्याचा वार्षिक मूल्यमापन अहवाल, पुढची बढती आणि पुढची बदली. या तिन्ही गोष्टी मनुष्यबळ विभागाच्या टेबलावरून जातात. त्या टेबलावर बसलेला माणूस कच्चा निघाला, तर कायद्यात स्वायत्ततेची कितीही कलमे असोत, तपासणी अहवालातली वाक्ये हळूहळू मऊ होत जातात. आणि कोणाला ते दिसतही नाही, कारण जे लिहिलेच गेले नाही त्याची फाइल नसते.

रिझर्व्ह बँकेत हे विशेष लागू पडते, कारण तिथली शिडी लांब आहे. थेट भरतीचा अधिकारी 'ग्रेड बी'ची परीक्षा देऊन मॅनेजर म्हणून येतो. दोन टप्प्यांची लेखी परीक्षा, मग मुलाखत. सर्वसाधारण प्रवाहाशिवाय अर्थसंशोधन आणि सांख्यिकी या विभागांसाठी वेगळी भरती असते. तिथून असिस्टंट जनरल मॅनेजर, डेप्युटी जनरल मॅनेजर, जनरल मॅनेजर, चीफ जनरल मॅनेजर अशा पायऱ्या चढत फार थोडे जण कार्यकारी संचालक होतात. चार डेप्युटी गव्हर्नरांपैकी दोन आतल्या वाटेने येतात, असा प्रघात आहे. पंचवीस वर्षांचा तरुण साठीपर्यंत याच शिडीवर असतो. खासगी बँकेतला अधिकारी वैतागला की शेजारच्या बँकेत जातो. इथला अधिकारी जाऊन जाऊन जाणार कुठे? देशात दुसरी मध्यवर्ती बँक नाही. म्हणून शिडीवर एकदा झालेला अन्याय त्याला निवृत्तीपर्यंत सोसावा लागतो, आणि तो पाहणारे आजूबाजूचे शंभर जण त्यावरून आपापला धडा घेतात.

बदल्यांचे घ्या. मुंबईतल्या शहीद भगतसिंग मार्गावरच्या मुख्य कार्यालयात धोरण ठरते, नियमन चालते. पण बँक पसरलेली आहे देशभर: नागपूर, गुवाहाटी, जम्मू, पाटणा, कोची. मुलीची दहावी, आईचे आजारपण, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी, मुंबईतले क्वार्टर सोडावे लागणे, हे सगळे एका यादीवर लटकलेले असते. कोणी कोणाला धमकी देत नाही. नुसती यादी लागते, आणि अवघड अहवाल लिहिलेल्याचे नाव त्यात असते. तो निव्वळ योगायोगही असू शकतो. पण योगायोग आहे हे लोकांना पटावे, यासाठी बदलीचे निकष आधी जाहीर असावे लागतात, अपवादांची कारणे लेखी असावी लागतात, आणि प्रमुखाने 'साहेबांनी सांगितले म्हणून' एकही नाव पुढेमागे केलेले नसावे लागते. मी निवड समितीवर असतो, तर उमेदवाराकडून त्याने हाताळलेल्या बदल्यांच्या तीन वादग्रस्त प्रकरणांची हकीकत ऐकली असती. त्याची तत्त्वे ऐकण्यात वेळ घातला नसता. कोणाचा फोन आला, काय उत्तर दिले, फाइलवर काय लिहिले, नंतर त्याची काय किंमत मोजावी लागली, हे विचारले असते. ज्याला असे एकही प्रकरण आठवत नाही, त्याने एक तर काम केलेले नाही किंवा प्रत्येक फोनला होकार दिला आहे.

बाहेरून येणारा माणूस सेवाज्येष्ठतेच्या बाबतीत हमखास अडखळतो. कॉर्पोरेटमधून आलेल्याला हा शब्द जुनाट वाटतो. रिझर्व्ह बँकेत वेगवेगळ्या विभागांतल्या कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता एकत्र करण्याच्या योजनेवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले. कारकूनवर्गाच्या एकत्रित ज्येष्ठतेचा निकाल 1976 मध्ये लागला, अधिकाऱ्यांचा 1982 मध्ये. दोन्ही वेळा योजना टिकली. 1982 च्या निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 58 खाली बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाला विनियम करता येतात, म्हणून परिपत्रकाने सेवाशर्ती ठरवताच येत नाहीत असे नाही. हा मुद्दा आजही रोजच्या कामाचा आहे, कारण परिपत्रकाच्या एका ओळीने शेकडो लोकांच्या बढतीचे वर्ष मागेपुढे होते. ज्याला हा इतिहास माहीत नाही, तो पहिल्याच वर्षी 'गुणवत्तेवर आधारित वेगवान बढती' अशी योजना आणतो, आणि पुढची चार वर्षे वकिलांच्या खोलीत काढतो. माझा गुणवत्तेला विरोध नाही. वेगवान बढती द्यायची तर कोणाची रांग किती मागे जाते, हे आधी कागदावर मांडता आले पाहिजे आणि ते त्या रांगेतल्यांना तोंडावर सांगता आले पाहिजे.

तसेच आरक्षणाचे. बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला, याचा क्रम) कशी चालते, न भरलेल्या राखीव जागांचा अनुशेष कसा मोजतात, संसदीय समिती आली की कोणते तक्ते मागते, हे प्रमुखाला स्वतःला यायला हवे. हे काम खालच्या डेस्कवर सोपवून देणारे प्रमुख मी पाहिले आहेत. मग समितीसमोर उत्तर देताना त्यांची जी अवस्था होते, ती संस्थेला शोभत नाही.

संघटनांशी वागणे हा भाग तर मुलाखतीत बहुतेक वेळा दोन मिनिटांत उरकतात. इथे अधिकारी आणि कर्मचारी अशा दोन्हींच्या जुन्या, मुरलेल्या संघटना आहेत. 19 नोव्हेंबर 2015 रोजी त्यांनी सामूहिक रजा घेतली. तेव्हा निवृत्तिलाभांच्या मागण्यांबरोबर बँकेचे अधिकार कमी केले जात आहेत, ही तक्रारही होती. नोटाबंदीनंतर जानेवारी 2017 मध्ये याच संघटनांच्या संयुक्त मंचाने गव्हर्नर ऊर्जित पटेल यांना पत्र लिहिले. चलनाच्या कामात समन्वयासाठी अर्थ मंत्रालयाचा अधिकारी बसवला जातो आहे, हा बँकेच्या स्वायत्ततेवर घाला आहे, असे त्यात म्हटले होते. पगारवाढीसाठी भांडणाऱ्या संघटना संस्थेच्या प्रतिष्ठेसाठीही भांडतात, हे ज्या प्रमुखाला उमगत नाही, तो त्यांना फक्त वाटाघाटीतला विरोधी पक्ष समजतो. 1990 च्या पेन्शन विनियमांखालचे पेन्शन सुधारून मिळावे म्हणून निवृत्त लोक वर्षानुवर्षे झगडत होते. शेवटी 2019 मध्ये तो प्रश्न सुटला. तो इतका लांबला याचे एक कारण सरकारची मान्यता लागत होती, हे खरे. पण अशा काळात रोज दारात येणाऱ्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या माणसाशी विभाग कसा बोलतो, यावर आत काम करणाऱ्यांचा संस्थेवरचा विश्वास ठरतो. उद्या आपलेही असेच होणार, हे त्यांना दिसत असते. म्हणून उमेदवाराची माहिती घेताना त्याच्या वरिष्ठांइतकेच संघटनेच्या जुन्या पदाधिकाऱ्यांना विचारावे. 'हा माणूस गोड बोलतो का' हे विचारू नका, 'नाही म्हणायचे तेव्हा स्पष्ट नाही म्हणतो का, आणि हो म्हटलेले पाळतो का' हे विचारा.

आता आतला की बाहेरचा. रिझर्व्ह बँकेने बाहेरून माणसे घेतलेलीच नाहीत, असे नाही. 2018 मध्ये पहिली मुख्य वित्तीय अधिकारी म्हणून सुधा बालकृष्णन यांची कार्यकारी संचालक दर्जावर नेमणूक झाली. त्या एनएसडीएल या, शेअर-रोखे इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवणाऱ्या संस्थेतून आल्या होत्या. डेटा, सायबर सुरक्षा अशा कामांसाठी कंत्राटी पद्धतीने तज्ज्ञ घेतले जातात. डेप्युटी गव्हर्नरांतही एक व्यापारी बँकिंगमधला आणि बहुधा एक अर्थशास्त्रज्ञ असतो. मग मनुष्यबळ प्रमुख बाहेरचा का नको? कारण हिशेबाचे नियम बाहेरही तेच असतात, ज्ञान सोबत घेऊन येता येते. मनुष्यबळाच्या कामात जे ज्ञान लागते, त्यातले बरेचसे या एकाच संस्थेत साठलेले असते: 1948 चे स्टाफ विनियम, नव्वदच्या दशकानंतर सहाय्यकांची भरती दीर्घकाळ जवळजवळ थांबल्यामुळे वयोगटांत पडलेली दरी, हाताने नोटा तपासणारा मोठा वर्ग यंत्रे आल्यावर कुठे आणि कसा सामावला गेला याची आठवण. बाहेरच्याला हे शिकायला दोन वर्षे लागतात आणि त्याची मुदत तीन वर्षांची असते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. आतला माणूस आपल्या बॅचचा असतो. ज्यांच्याबरोबर प्रशिक्षण घेतले, एका वसाहतीत राहिले, त्यांच्या बढतीवर त्याला मत द्यायचे असते. लैंगिक छळाची तक्रार आपल्या जुन्या सहकाऱ्याविरुद्ध आली, तर आतल्याचा हात जड होतो, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणूनच तक्रार निवारण, मूल्यमापन पद्धती आणि भरती या तीन कामांवर बाहेरून आलेली, वेगळ्या घडणीची माणसे असावीत, आणि त्यांना गरज पडल्यास प्रमुखाला ओलांडून केंद्रीय मंडळाच्या मनुष्यबळ उपसमितीकडे जाण्याची मुभा असावी. उपसमिती आहेच, तिचा उपयोग करून घ्यावा.

दर्जाचा मुद्दा क्षुल्लक समजू नका. 2014 मध्ये गव्हर्नर रघुराम राजन यांच्या काळात कामांची पाच गटांत फेरमांडणी झाली, त्यातला एक गट मनुष्यबळ आणि कामकाजाचा होता. त्यावर मुख्य परिचालन अधिकारी नेमायचा प्रस्ताव होता, तोही डेप्युटी गव्हर्नरच्या दर्जाचा. कायद्याच्या कलम 8 प्रमाणे चारांहून जास्त डेप्युटी गव्हर्नर नेमता येत नाहीत, म्हणून कायद्यात दुरुस्ती लागणार होती. ती झाली नाही आणि पद आलेच नाही. मला त्या प्रस्तावामागचा विचार योग्य वाटतो. नियमन किंवा पर्यवेक्षण खात्याचा प्रमुख जेव्हा 'अमका अधिकारी मला नको' म्हणतो, तेव्हा त्याला 'कारण लिहून द्या' असे सांगायला समोरचा निदान तोडीच्या दर्जाचा लागतो. चीफ जनरल मॅनेजरने कार्यकारी संचालकाला हे सांगायचे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

उमेदवाराच्या स्वतःच्या वागणुकीची छाननी किती कडक असावी, यासाठी बँक ऑफ इंग्लंडचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. मार्क कार्नी गव्हर्नर झाल्यावर 2013 मध्ये शार्लट हॉग यांना बाहेरून, सँटान्डरच्या ब्रिटनमधल्या बँकेतून, मुख्य परिचालन अधिकारी म्हणून आणले. मनुष्यबळासह सगळा अंतर्गत कारभार त्यांच्याकडे होता, आणि कर्मचाऱ्यांच्या आचारसंहितेच्या कामातही त्यांचा हात होता. कामात त्या हुशार समजल्या जात. 2017 मध्ये त्या डेप्युटी गव्हर्नर झाल्या. तेवढ्यात संसदेच्या ट्रेझरी समितीच्या चौकशीत पुढे आले की त्यांचा भाऊ बार्कलेज बँकेत आहे, आणि ही गोष्ट त्यांनी नियमाप्रमाणे बँकेकडे नोंदवलेली नव्हती. समितीचा कडक अहवाल आला आणि मार्चमध्येच त्यांनी राजीनामा दिला. त्यांनी भावाच्या फायद्यासाठी काही केले, असे कोणी सिद्ध केले नाही. पण जो नियम खालच्या कारकुनाला लागतो, तो नियम राबवणाऱ्या व्यक्तीनेच पाळला नव्हता, आणि मध्यवर्ती बँकेत ते पद सोडायला तेवढे पुरले. आपल्याकडेही जवळचे नातेवाईक कोणत्या बँकेत, एनबीएफसीत (बँकेतर वित्तसंस्थेत) किंवा फिनटेकमध्ये आहेत, शेअर कुठे आहेत, निवृत्तीनंतर कुठे जाण्याचा विचार आहे, हे मुलाखतीच्या आधी लेखी घ्यावे. दक्षता विभागाचा दाखला लागतोच, पण त्यात फक्त चालू चौकशी दिसते.

संकटकाळातली परीक्षाही विचारात घ्या. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. देशाची पेमेंट यंत्रणा आणि सरकारची खाती बंद ठेवणे शक्यच नव्हते. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे अधिकारी, कर्मचारी आणि सेवा पुरवणारे मिळून दीडशे लोक घरापासून दूर, विलगीकरणात राहून चोवीस तास काम करत होते. गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी 17 एप्रिलच्या निवेदनात त्यांचा मुद्दाम उल्लेख केला. अशी वेळ आली की कोणाला बोलावायचे, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, कोण नाही म्हणू शकत नाही म्हणून येतो आहे, हे ओळखावे लागते. आणि त्यात सफाई करणाऱ्या, जेवण पुरवणाऱ्या बाहेरच्या माणसांचा विमा कोण काढतो, हेही पाहावे लागते. उमेदवाराला मी हा प्रश्न असाच घालीन: उद्या सकाळी दीडशे माणसे महिनाभरासाठी आत न्यायची आहेत, यादी कशी करशील? उत्तरात तो आधी पदनामे सांगतो की माणसे, ते ऐका.

एचआरमधल्या नव्या साधनांबद्दल फारसे लिहीत नाही. ॲप, सर्वेक्षणे, डॅशबोर्ड हे सगळे उपयोगी आहे आणि विकत मिळते. त्याची माहिती असलेला डेप्युटी जनरल मॅनेजर पुरतो.

मुदतीबद्दल मात्र आग्रहाने सांगेन. सार्वजनिक संस्थांत निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या माणसाला कर्मचारी विभाग देण्याची जुनी खोड आहे. तो कोणालाच दुखवत नाही. त्याच्या काळात एकही अवघड फाइल हलत नाही आणि पुढच्याच्या टेबलावर ढीग जातो. साठाव्या वर्षी निवृत्ती धरली, तर प्रमुख पंचावन्नच्या आत नेमलेला असावा आणि पाच वर्षे हलवू नये. जुन्या प्रमुखाबरोबर निदान तीन महिने त्याने एकत्र काम करावे. वेतन कराराची बोलणी चालू असताना किंवा बढतीची पॅनेल बसलेली असताना खुर्ची बदलू नये, कारण तोंडी दिलेले शब्द त्या बदलात हरवतात आणि संघटना ते विसरत नाहीत.

प्रश्नकर्त्यांसाठी वेगळे दोन शब्द, कारण त्यांच्या लिहिण्यातून असे वाटते की अशी संधी आली तर त्यांना अर्ज करायचा आहे. जरूर करा, पण प्रमुखपदासाठी नको. विभागातल्या मूल्यमापनाच्या किंवा भरतीच्या एखाद्या कंत्राटी पदासाठी करा. जाण्याआधी स्टाफ विनियम आणि पेन्शन विनियम मुळातून वाचा, ज्येष्ठतेचे ते दोन निकाल वाचा, आणि गेल्या काही वर्षांच्या वार्षिक अहवालांतला मनुष्यबळ व कामकाजावरचा भाग वाचा. प्रशिक्षणाची व्यवस्था समजून घ्या: चेन्नईचे स्टाफ कॉलेज, पुण्याचे कृषी बँकिंग महाविद्यालय, पर्यवेक्षकांसाठी अलीकडे उभे राहिलेले कॉलेज. आणि मुलाखतीत तुमच्या बँकेत तुम्ही किती टक्क्यांनी गळती कमी केली, हे सांगू नका. तिथे लोक सोडून फारसे जातच नाहीत. तीस वर्षे एकाच जागी राहणाऱ्या माणसाचे काम ताजे कसे ठेवाल, आणि त्याने लिहिलेला कडू अहवाल त्याच्या बढतीआड येऊ नये म्हणून मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये नेमका कोणता बदल कराल, याची तयारी करून जा. तपासणीत काम करणाऱ्याचे मूल्यमापन तपासल्या जाणाऱ्या बँकेच्या तक्रारीवरून कधी होऊ नये, आणि वरिष्ठाने अहवालातला शेरा खोडला तर मूळ मसुदा फाइलवर राहावा, एवढे दोन बदल जरी तुम्ही पटवून देऊ शकलात, तरी समिती तुमचे म्हणणे पुढे ऐकेल.